मराठी विकिपीडियावर प्राचीन जपान: सुरुवात कुठून करायची आणि सनांचं काय करायचं?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. आमचा आठ जणांचा वाचनगट मराठी विकिपीडियावर जपानच्या प्राचीन इतिहासाचे लेख लिहायला बसतोय. हद्द ठरवलीय: ज्योमोन काळापासून इ.स. ७१० मध्ये राजधानी नाराला जाईपर्यंत. इथल्या एका कॉलेजची संगणक लॅब दोन रविवार मिळणार आहे. इंग्रजी सगळ्यांना वाचता येतं, जपानी कुणालाच नाही.

पहिला अडथळा सनांचा. यायोई काळ (ज्योमोननंतरचा, भातशेती रुजली तो) एका पुस्तकात इ.स.पू. ३०० ला सुरू होतो, दुसऱ्यात इ.स.पू. दहाव्या शतकात. बौद्ध धर्म जपानला पोचला तो कुठे ५३८ ला, कुठे ५५२ ला. परंपरेतला पहिला राजा जिम्मू इ.स.पू. ६६० मध्ये गादीवर बसला असं एक संकेतस्थळ ठणकावून सांगतं, बाकीचे त्याला दंतकथा म्हणतात. लेखाच्या माहितीचौकटीत सनाचा रकाना एकच. त्यात काय भरायचं?

शिवाय, इंग्रजी लेख भाषांतराच्या साधनात घालून थेट मराठी केले तर चालतात का? आणि आधी "प्राचीन जपान" हा मोठा लेख घ्यावा की छोटे छोटे?

पंचगंगा_घाट

सनांपासूनच सुरू करतो, कारण बाकी सगळं निस्तरता येतं. या विषयात "कधी?" या प्रश्नाला उत्तर देणारे तीन वेगळे साक्षीदार आहेत: जपानी ग्रंथ, चिनी ग्रंथ आणि जमिनीतून निघालेल्या वस्तू. तिघांचे आकडे जुळत नाहीत. प्रत्येक सनापुढे तो कुणी सांगितला हे लिहिलंत की निम्मे वाद होतच नाहीत.

जपानी ग्रंथ म्हणजे मुख्यतः कोजिकी (७१२) आणि निहोन शोकी (७२०, तीस खंड). दोन्ही आठव्या शतकातले, दरबारात तयार झालेले. त्यामुळे सहाव्या शतकाच्या आधीच्या घटनांचे त्यांतले सन जसेच्या तसे उचलायचे नाहीत. जिम्मूचं ६६० हे निहोन शोकीच्या गणनेतून निघतं. ११ फेब्रुवारी हा दिवस मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, त्यावरून काढला आणि आजही त्या दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. तेव्हा वाक्य असं लिहा: "निहोन शोकीतील परंपरेनुसार जिम्मूचे राज्यारोहण इ.स.पू. ६६० मध्ये झाले. बहुतेक आधुनिक इतिहासकार त्याला ऐतिहासिक व्यक्ती मानत नाहीत." चौकटीतला "कारकीर्द" हा रकाना रिकामा ठेवा, नाहीतर "पारंपरिक" हा शब्द आकड्याला चिकटूनच येऊ द्या. खाली तळटीपेत टाकलात तर कुणी वाचत नाही.

खरी गंमत साठ वर्षांच्या चक्राची आहे. आपल्याकडे प्रभव, विभव करत साठ संवत्सरं फिरतात, तशीच चीन-जपानची वर्षं साठ जोडनामांनी फिरतात. नुसतं जोडनाम मिळालं तर सन एकच निघत नाही, साठ-साठ वर्षांच्या अंतराने अनेक निघतात. साइतामामधल्या इनारियामा थडग्यात १९६८ मध्ये लोखंडी तलवार मिळाली. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, क्ष-किरण तपासणीत तिच्यावर सोनं जडवलेली ११५ अक्षरं दिसली. त्यात वर्षाचं जोडनाम आहे आणि वाकाताकेरू हे राजाचं नाव आहे. वर्ष ४७१ किंवा ५३१. बहुतेक अभ्यासक ४७१ धरतात आणि वाकाताकेरू म्हणजे यूर्याकु मानतात. लेखात ४७१ लिहा, पण ५३१ चा उल्लेख गाळू नका.

हेच चक्र निहोन शोकीत उलट्या बाजूने नडतं. त्यातल्या जिंगू राणीच्या भागात कोरियातल्या बेक्जे राज्याच्या घटना आहेत. ग्रंथाच्या गणनेने बेक्जेचा राजा कुन्चोगो २५५ मध्ये वारला. कोरियन नोंदीप्रमाणे ३७५ मध्ये. फरक बरोबर १२० वर्षांचा, म्हणजे दोन चक्रं. सात फांद्यांची तलवार भेट मिळाल्याची नोंदही तशीच, २५२ ची मूळ जागा ३७२. आता तुमच्यातल्या कुणी एका लेखात २५२ घेतलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या लेखात ३७२, तर दोघांकडेही संदर्भ असणार आणि तरी लेख एकमेकांशी भांडणार. लॅबमध्ये बसण्याआधी एक सामाईक तक्ता करा: घटना, ग्रंथातला सन, दुरुस्त सन, दुरुस्ती कुणाची.

५३८ की ५५२: ५५२ निहोन शोकीचा आहे. ५३८ हा गान्गोजी मठाच्या नोंदीतून आणि शोतोकु राजपुत्राच्या जुन्या चरित्रातून येतो. या दोन ग्रंथांत घटना किन्मेई राजाच्या काळातली म्हणून सांगितलीय, पण निहोन शोकीच्या हिशेबात ५३८ ला किन्मेई गादीवर नव्हताच, सेन्का होता. म्हणून "५५२ चूक, ५३८ बरोबर" असं लिहून मोकळं होता येत नाही. दोन्ही सन आणि दोन्हींचे ग्रंथ द्या. बेक्जेच्या सोंग राजाने मूर्ती व सूत्रं पाठवली, एवढ्यावर दोन्हीकडे एकमत आहे.

महिने आणि दिवस: जुन्या जपानी तारखा चांद्र आहेत. नारातल्या तोदाईजी मठाच्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी (मूर्तीचे डोळे रंगवून उघडण्याचा) "चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी" झाला. याचं "९ एप्रिल ७५२" करणारे खूप. तो दिवस ज्युलियन पद्धतीने २६ मे ७५२ येतो. वर्षअखेरीस तर सनच बदलतो. तेन्जी राजा त्याच्या दहाव्या वर्षाच्या बाराव्या महिन्यात वारला, म्हणून काही पुस्तकं मृत्यू ६७१ लिहितात. रूपांतर केल्यावर येतो ७ जानेवारी ६७२. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. रूपांतर स्वतः बोटांवर करू नका. अभ्यासकाने केलेलं मिळालं तर घ्या, नाहीतर "चौथा महिना, नववा दिवस" असंच राहू द्या.

खासबाग

घाटवाल्या सरांनी सनांचं चोख सांगितलंय. मी विकीच्या कामकाजाचं सांगतो.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी हमखास अडतं ते खात्यांपाशी. एका आयपीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती काढता येतात. तुम्ही आठ जण, म्हणजे सातवा आणि आठवा बघत बसणार. खाती आदल्या आठवड्यात घरून, मोबाइल डेटावर काढून ठेवा. एकाच खात्यावरून तिघांनी लिहायचं नाही. खातं माणसाचं असतं, गटाचं नाही, आणि "अमुक मंडळ" अशा नावाची खाती अडवली जातात.

दुसरं, भाषांतराचं साधन. वापरायला बंदी नाही. पण ते यंत्राचा मजकूर पुढ्यात टाकतं आणि तो न बदलता पुढे ढकलला तर इशारा देतं, फारच तसाच ठेवला तर प्रकाशितच करू देत नाही. ते बरंच आहे, कारण या विषयात यंत्र भलतीकडे जातं. "यामातो कोर्ट" (म्हणजे यामातोचा राजदरबार) चं "यामातो न्यायालय" होतं. वा (जपानचं जुनं नाव), वेई आणि वू (चिनी राज्यं) ही तीन वेगळी नावं एकमेकांत मिसळतात. थडग्याचं वर्णन "कीहोल आकाराचा दफन ढिगारा" असं येतं, त्याऐवजी "मागे गोल, पुढे चौकोनी उंचवटा असलेलं थडगं" म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे उभं राहतं. परिच्छेद वाचायचा, खिडकी बंद करायची, आपल्या वाक्यात लिहायचा, मग फक्त आकडे ताडून बघायचे. भाषांतर केलं असेल तर संपादनाच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा आणि आवृत्ती द्यायची. परवान्याची ती अट आहे, शिष्टाचार नव्हे.

इंग्रजी लेखातले संदर्भ आंधळेपणाने उचलू नका. तिथे एखाद्या जपानी पुस्तकाचं पान ४७ दिलेलं असतं. तुम्ही ते पुस्तक उघडलेलं नाही, म्हणजे पान ४७ वर ते आहे की नाही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही स्वतः वाचलेला स्रोत द्या, पानासकट. सापडला नाही तर ते वाक्य सोडा. "संदर्भ हवा" चा साचा स्वतःच्याच नव्या वाक्याला लावून पुढे जाणं हा प्रकार इथे लई चालतो, तो करू नका.

कुठल्या लेखापासून? "प्राचीन जपान" अजिबात नको. मोठ्या लेखात प्रत्येक वाक्य वादाचं, आणि नवख्याचे दोन रविवार प्रस्तावनेतच जातात. ज्याला कडा आहेत असं काहीतरी घ्या. शिकानोशिमा बेटावर १७८४ मध्ये मिळालेली सोन्याची मुद्रा: बाजू सुमारे २.३ सेंटीमीटर, वजन साधारण १०८ ग्रॅम, आज फुकुओका शहर संग्रहालयात. इ.स. ५७ मध्ये चीनच्या हान सम्राटाने जपानातल्या "ना" नावाच्या राज्याच्या दूताला मुद्रा दिल्याची नोंद उत्तरकालीन हानच्या इतिहासात आहे, तिच्याशी ती जोडली जाते. पाच-सहा परिच्छेदांत नीट लेख होतो. इनारियामाची तलवार तशीच. आपल्या वाचकाला जवळचा वाटेल असा विषय हवा तर बोधिसेन. भारतातून चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोचलेला भिक्षू. वर उल्लेख आलेला ७५२ चा तोदाईजीचा विधी त्याच्याच हातून झाला, आणि त्या वेळी वापरलेला कुंचला शोसोइन भांडारात अजून जपलेला आहे. तुमच्या ७१० च्या हद्दीबाहेर जातो खरा, पण हद्द तुम्हीच आखलीय.

प्रत्येकाने आधी स्वतःच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहायचं. मुख्य नामविश्वात (जिथे वाचकांना लेख दिसतात) थेट दोन ओळींचा लेख टाकून "बाकी पुढच्या रविवारी" केलं, तर पुढच्या रविवारपर्यंत त्यावर काढून टाकण्याचा साचा लागलेला असतो.

राजारामपुरीकर

दोघांचेही आभार. तक्ता आजच सुरू केला. एकाने दाईसेन थडग्याचा मसुदा केलाय, पहिली दोन वाक्यं देतो. झोडून काढा:

"सम्राट निंतोकु यांची समाधी ही जपानमधील सर्वात मोठी समाधी असून ती ओसाका प्रांतातील साकाई येथे आहे. सम्राट निंतोकु (इ.स. ३१३–३९९) यांच्या मृत्यूनंतर बांधलेल्या या समाधीची लांबी ४८६ मीटर आहे."

रंकाळावेस

दोन वाक्यांत चार गाठी आहेत.

निंतोकुचं थडगं हे नाव जपानच्या राजघराणे विभागाने दिलेलं आहे. सरकारी यादीत ते तसंच राहतं. पुरातत्त्ववाले त्याला दाईसेन कोफुन (कोफुन म्हणजे प्राचीन उंचवट्याचं थडगं) म्हणतात, कारण आत कोण आहे हे सिद्ध झालेलं नाही आणि होणंही अवघड: विभाग मुख्य उंचवट्यात उत्खननाला परवानगी देत नाही. १८७२ मध्ये पुढच्या भागातली दगडी कोठी उघडी पडली होती, त्या वेळच्या नोंदी व रेखाटनं आहेत, बस. शीर्षक "दाईसेन कोफुन" ठेवा, "निंतोकु समाधी" हे पुनर्निर्देशन करा.

३१३–३९९ ही निहोन शोकीची कारकीर्द आहे. थडगं मात्र पाचव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचं मानतात. म्हणजे तुमच्या वाक्याप्रमाणे राजा वारल्यावर अर्धं शतक थडग्याची वाट बघत राहिला. दोन आकडे एका वाक्यात आणले की हा घोळ होतो, प्रत्येक आकडा एकेकटा संदर्भासह असला तरी.

लांबी: ४८६ मीटर हा रुळलेला आकडा. २०१८ मध्ये विभागाने खंदकाच्या पाण्याखालचा भाग धरून मोजणी जाहीर केली ती ५२५ मीटर. दोन्ही लिहा आणि फरक कशाने पडला ते लिहा. नुसतं ५२५ लिहिलंत तर कुणीतरी ४८६ चं पुस्तक घेऊन येतो आणि फिरवतो, मग दुसरा परत फिरवतो.

सुधारून असं काहीसं: "दाईसेन कोफुन हे साकाई (ओसाका प्रांत) येथील, मागे गोल व पुढे चौकोनी आकाराचे थडगे असून ते जपानमधील सर्वात मोठे कोफुन आहे. राजघराणे विभाग ते निंतोकु राजाचे मानतो. पुरातत्त्वीय पुराव्यावरून त्याचा काळ पाचव्या शतकाच्या मध्याचा मानला जातो." लांबी चौथ्या वाक्यात. २०१९ ची जागतिक वारसा नोंद मोझु-फुरुइची या समूहाची आहे, एकट्या दाईसेनची नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता कार्बनच्या तारखा. इंग्रजी लेखात "बीपी" दिसलं की ते इ.स.पू. नव्हे. ते १९५० पासून मागे मोजतात. आओमोरीतल्या ओदाई यामामोतो इथल्या खापरांची कच्ची वयं साधारण १३ हजार बीपीच्या घरातली. झाडांच्या वर्तुळांच्या वगैरे आधाराने दुरुस्त केल्यावर सर्वात जुना नमुना १६,५०० च्या आसपास जातो. इ.स.पू. करायला त्यातून १,९५० वजा, म्हणजे १४,५५० च्या आसपास. एका लेखात तुम्हाला १३,०००, १६,५०० आणि १४,५०० असे तिन्ही आकडे दिसतील आणि तिन्ही एकाच मडक्याचे असतील. कोणतं वय कच्चं, कोणतं दुरुस्त, हे लिहिल्याशिवाय आकडा टाकू नका.

यायोईचा प्रश्न याच्यातूनच निघालाय. चिबा प्रांतातल्या साकुरा इथल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या गटाने २००३ मध्ये मडक्यांना चिकटलेल्या काजळीवरून भातशेतीची सुरुवात सुमारे पाचशे वर्षं मागे नेली, दक्षिणेकडच्या क्यूशू बेटाच्या उत्तर भागात इ.स.पू. दहाव्या शतकाकडे. आक्षेप दोन. त्या काजळीत समुद्री अन्नाचा अंश असेल तर वय खरं असतं त्याहून जुनं येतं. आणि इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात दुरुस्तीचा आलेखच सपाट आहे, त्यामुळे चारशे वर्षांत कुठेही बोट ठेवता येतं. आज बरेच अभ्यासक सुरुवात मागे न्यायला तयार आहेत. किती मागे, यावर एकमत नाही. आणि "जपानमध्ये यायोई काळ सुरू झाला" असं तर लिहूच नका. क्यूशूत सुरू झाला, कान्तोत (तोक्योच्या परिसरात) कितीतरी नंतर पोचला, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर पोचलाच नाही. तिथे ज्योमोनची परंपरा पुढे चालू राहते. जागा लिहिली की सनाचा निम्मा वाद मिटतो.

अश्मयुगावर कुणी लिहिणार असेल तर २००० च्या आधीचं पुस्तक बाजूला ठेवा. फुजिमुरा शिनइची हा हौशी संशोधक स्वतः पुरलेली हत्यारं स्वतःच "शोधत" होता. ५ नोव्हेंबर २००० ला माइनिची वृत्तपत्राने त्याची छायाचित्रं छापली. नंतरच्या तपासात शंभरावर ठिकाणं बाद झाली, झाझारागीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाची नोंद २००२ मध्ये रद्द झाली. जपानात पाच-सहा लाख वर्षांपूर्वीचा माणूस, असं काही वाचलंत तर ते या भानगडीतलं समजा. ग्रंथालयाच्या कपाटात ती पुस्तकं अजून आहेत आणि छपाई उत्तम आहे.

पंचगंगा_घाट

रंकाळावेसच्या आरशांवरच्या नोटची वाट बघत होतो, त्यांनी ती सोडली म्हणून मीच टाकतो. राणी हिमिकोने २३९ मध्ये चीनच्या वेई राज्याकडे दूत पाठवला आणि तिला शंभर ब्राँझचे आरसे मिळाले, असं वेईच्या इतिहासात आहे. (हाती असलेल्या संहितेत वर्ष २३८ येतं, तेव्हा कोरियातला रस्ता दुसऱ्याच घराण्याच्या ताब्यात होता म्हणून बहुतेक जण २३९ वाचतात. लेखात दोन्ही द्या.) आता जपानच्या थडग्यांत त्या वर्षाचे आरसे सापडतात, तेव्हा लिहिणाऱ्याचा हात सळसळतो: "हाच हिमिकोचा आरसा!" पण क्योतो प्रांतातल्या फुकुचियामात मिळालेल्या आरशावर चक्क त्या राजवर्षनामाचं (चिनी सम्राट वर्षांना देत ते नाव; २३९ हे त्याचं तिसरं वर्ष) चौथं वर्ष कोरलंय, आणि ते वर्षनाम तिसऱ्या वर्षानंतर बदललं होतं. चौथं वर्ष झालंच नाही. मग हे आरसे चीनमधले की जपानात ओतलेले, यावर अजून वाद आहे. शिवाय आरसा पिढ्यानपिढ्या जपला जातो आणि नंतर पुरला जातो. इथे कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला पोसायडन या समुद्रदेवाचा रोमन पुतळा आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहेच. तो कुठे घडवला गेला आणि ब्रह्मपुरीच्या मातीत कधी गेला, हे दोन वेगळे प्रश्न. वस्तूवरचा सन थडग्याचा सन म्हणून चौकटीत भरू नका.

हिमिकोचं यामाताई राज्य कुठे होतं, क्यूशूत की किनाईत (नारा-ओसाकाच्या परिसरात), यावर निकाल द्यायला जाऊ नका. ग्रंथातली अंतरं आणि दिशा जशाच्या तशा धरल्या तर माणूस समुद्रात पोचतो, म्हणून प्रत्येक बाजू काहीतरी दुरुस्त करते. कोण काय दुरुस्त करतं, एवढं लिहिलं की लेख झाला.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

एक मतभेद नोंदवतो. वरच्या दुरुस्त मसुद्यात "निंतोकु राजा" आलंय. मराठी विकीवर या सगळ्यांना सम्राट म्हणायची रूढी आहे, वाचक तेच शोधणार. एकट्या तुमच्या लेखात "राजा" कशाला?

रंकाळावेस

कारण "तेन्नो" हा किताब सातव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण तेम्मू राजाच्या काळापासून, पक्का दिसतो; आसुकाइके इथल्या लाकडी पट्टीवर तो शब्द मिळालाय. त्याआधीच्या राज्यकर्त्यांना ओकिमी म्हणत. इतकंच काय, जिम्मू, निंतोकु, यूर्याकु ही नावंसुद्धा त्यांच्या हयातीतली नाहीत, आठव्या शतकात मागाहून बहाल केलेली. पाचव्या शतकातल्या माणसाला सम्राट म्हणणं म्हणजे नंतरच्या ग्रंथांचा दावा आपल्या तोंडाने बोलणं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मान्य, पण यादी आणि वर्ग यांत "जपानचे सम्राट" हेच राहू द्या, नाहीतर लेख अधांतरी लटकेल. आणि पहिल्या ओळीत "पारंपरिक यादीतील १६वा सम्राट" म्हणा. यादीत तो सोळावा आहे हे तर खरंच आहे. पुढच्या मजकुरात राजा लिहा.

रंकाळावेस

हे चालेल. भावा, तेवढं लेखाच्या चर्चापानावर लिहून ठेवायला सांग त्यांना. सहा महिन्यांनी कुणी "राजा" चं "सम्राट" करायला आला तर चर्चापान दाखवता येतं.

खासबाग

राहिलेलं थोडं.

नावं: ज्योमोन लिहा, जोमोन नको, मराठी वाचक "जो" जोडातल्यासारखा उच्चारतो. जोमोनवरून पुनर्निर्देशन करा. दीर्घ ओ देवनागरीत वेगळा दाखवता येत नाही, सोडून द्या. दीर्घ ऊ दाखवता येतो, म्हणून यूर्याकु. घराण्याचं नाव आधी: सोगा नो उमाको, ओनो नो इमोको. इंग्रजी पुस्तकात उलटं दिसलं तरी उलटू नका. पहिल्या ओळीत कांजीतलं नाव डकवा, म्हणजे उद्या जपानी येणारा कुणी आला तर नेमकं कोण ते कळेल. लॅबच्या संगणकावर कांजीच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही एवढंच, मजकूर ठीक असतो. घाबरून पुसू नका.

चौकट: मराठी विकीवर बऱ्याच चौकटी विकिडाटावरून (सगळ्या विकींच्या सामाईक माहितीसाठ्यातून) आपोआप भरतात. म्हणजे तुम्ही लेखात कितीही जपून लिहा, उजवीकडे "जन्म: इ.स.पू. ७११" झळकतोच. तो विकिडाटावर जाऊनच सुधारावा लागतो. तिथे सनाची अचूकता दिवसाऐवजी शतक अशी ठेवता येते, "सुमारे" असं जोडता येतं, एकाच गोष्टीची दोन मूल्यं वेगवेगळ्या संदर्भांसह ठेवता येतात. दिवस भरताना पंचांग ज्युलियन निवडलंय ना ते बघा, नाहीतर २६ मे चा दिवस दुसऱ्याच तारखेवर जातो.

स्रोत: निहोन शोकीत काय लिहिलंय हे सांगायला ॲस्टन यांचं १८९६ चं इंग्रजी भाषांतर पुरतं, त्याचा स्वामित्वहक्कही संपलाय. पण त्याचा अर्थ काय हे सांगायला आधुनिक अभ्यासकच हवा. ग्रंथ वाचून स्वतः निष्कर्ष काढणं विकीवर चालत नाही, निष्कर्ष कितीही बरोबर असो. जपानी संशोधन पत्रिकांचं जे-स्टेज संकेतस्थळ बरंचसं मोफत आहे, इंग्रजी सारांश मिळतात. नाराच्या सांस्कृतिक वारसा संशोधन संस्थेने उत्खनन अहवालांचा मोठा साठा खुला ठेवलाय. विकिपीडिया लायब्ररीतून बंद नियतकालिकं उघडतात, पण त्यासाठी ५०० संपादनं आणि सहा महिने जुनं खातं लागतं. तोवर शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी पार्श्वभूमीला वाचा, पण त्यातली यायोईची सुरुवात २००३ च्या आधीची असू शकते हे ध्यानात ठेवा, आणि मजकूर उचलू नका.

छायाचित्रं: संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला फोटो कॉमन्सवर (विकीच्या चित्रसाठ्यावर) चढवू नका. वस्तू दोन हजार वर्षांची असली तरी फोटो काढणाऱ्याचा हक्क ताजा असतो. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कोलबेस हा साठा श्रेय देऊन वापरता येतो. थडग्यांसाठी जपानच्या भूमी मंत्रालयाची हवाई छायाचित्रं कॉमन्सवर आधीपासून आहेत. दाईसेनचा आकार जमिनीवरून कळतच नाही, समोर फक्त झाडी आणि पाणी दिसतं, म्हणून हवाईच घ्या.

राजारामपुरीकर

वाटणी अशी केलीय: मुद्रा, इनारियामा तलवार, दाईसेन आणि बोधिसेन पहिल्या रविवारी, दोघे दोघे एका लेखावर. यायोई आणि हिमिको दुसऱ्या रविवारी. हाशिहाका थडगंही घ्यावं का? काहीजण त्याला हिमिकोचं म्हणतात असं वाचलं.

पंचगंगा_घाट

हाशिहाका आत्ता नको. राजघराणे विभाग ते यामातो-तोतोहि-मोमोसो नावाच्या राजकन्येचं मानतो, २००९ मध्ये कार्बनवरून २४०–२६० हा काळ सुचवला गेला, त्यावर तोच काजळीचा आक्षेप आहे, आणि प्रत्येक वाक्याला तीन संदर्भ लागतात. यायोईचा लेख उभा राहिला, त्याच्या चर्चापानावर दोन-चार जणांनी फेरफटका मारला, की मग घ्या. तोवर हिमिकोच्या लेखात एक वाक्य: "काही अभ्यासक हाशिहाका हे तिचे थडगे असावे असे सुचवतात." कोण अभ्यासक, ते नावासकट.

खासबाग

आणि लेख प्रकाशित झाले की आठही जणांनी सहाही लेख निरीक्षणसूचीत घाला. जिम्मूचं ६६० कुणीतरी पुन्हा टाकणारच. फिरवताना सारांशात "परंपरेनुसार, चर्चापान पहा" एवढं लिहा. चोवीस तासांत तिसऱ्यांदा फिरवायची वेळ आली तर हात आवरा आणि चावडीवर (विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर) विचारा.